हातचा एक

बारावीनंतर ज्यांनी कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कॉलेजांच्या कोडची ती लांबलचक यादी, मागच्या वर्षीच्या कटऑफचे प्रिंटआउट, पाठीमागे उभे असलेले बाबा, आणि फोनवर कोणाच्या तरी ओळखीतला, 'ज्याला यातलं सगळं कळतं' असा एक दादा. सगळ्यांना प्रश्न एकच, "हा क्रम बरोबर आहे ना?" 'हो' म्हणाले की दहा मिनिटं जिवाला बरं वाटायचं. अकराव्या मिनिटाला दुसऱ्या कोणाला तरी फोन. मेडिकलला जाणाऱ्यांचं तर आणखीच अवघड. एकदा जागा घेतली की आयुष्याची आठ-दहा वर्षं त्या दिशेला गेलीच म्हणायची.

घरातली मोठी माणसं हे बघून म्हणतात, "हल्लीच्या पोरांना ठाम निर्णय म्हणून घेता येत नाही." मला हे पटत नाही. पोराची ही धरसोड बऱ्याचदा त्याच्या समोर ठेवलेल्या नियमांतून आलेली असते. हे नुसतं मत नाही, याला चांगला भक्कम पुरावा आहे. तो अमेरिकेतला आहे, १९४० च्या दशकातला, आणि डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचाच. या विकांताला तीच गोष्ट.

अमेरिकेत तेव्हा पद्धत अशी होती की मेडिकल कॉलेजचं शिक्षण संपलं की एखाद्या हॉस्पिटलात इंटर्नशिप करायची. ही जागा ज्याची त्याने मिळवायची. अर्ज करायचा, मुलाखतीला जायचं, आणि हॉस्पिटल 'या' म्हणेपर्यंत वाट बघायची. पहिलं हॉस्पिटल चांगलं मिळालं की पुढचं बरंच सोपं. म्हणजे मेडिकलला प्रवेश घेतलेल्या मुलाला दुसऱ्यांदा प्रवेश घ्यावा लागायचा.

आता इथे एक मेख होती. मुलं कमी आणि जागा जास्त. इंटर्न म्हणजे रात्रंदिवस राबणारा आणि जवळपास फुकट पडणारा डॉक्टर, तेव्हा तो प्रत्येक हॉस्पिटलला हवाच. मग चढाओढ सुरू झाली. शेजारच्या हॉस्पिटलने मुलं डिसेंबरात निवडली तर आपण नोव्हेंबरात निवडू. मग तो ऑक्टोबरात. असं मागे मागे सरकत १९४४ पर्यंत वेळ अशी आली की तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांना विचारणा होऊ लागली. म्हणजे प्रत्यक्ष काम सुरू व्हायच्या जवळजवळ दोन वर्षं आधी! कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी कंपन्यांची 'आम्हाला पहिल्या दिवशी बोलवा' म्हणून चाललेली भांडणं आठवा, ती यापुढे किरकोळ आहेत.

त्या मुलाची अवस्था बघा. तिसऱ्या वर्षाला नुकता आलेला. अजून वॉर्डात धड उभा राहिलेला नाही. आपल्याला सर्जरी झेपेल की मेडिसिन, की लहान मुलांचे डॉक्टर व्हावं, याचा त्यालाच पत्ता नाही. त्याला विचारायचं, आमच्याकडे येतोस का, आत्ता सांग. हॉस्पिटलचंही तेच. त्यांच्या हातात दोन वर्षांचे मार्क. बाजारात तुरी तशातला प्रकार. असा मुलगा हो-नाही करत असेल तर त्यात त्याचं काय चुकलं?

हा प्रकार थांबावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण आधी थांबणार कोण? शेवटी १९४५ साली मेडिकल कॉलेजांनी एक साधी आणि हुशार युक्ती केली. आपल्या विद्यार्थ्यांचे मार्क, शिफारसपत्रं, कसलीच माहिती ठरलेल्या तारखेच्या आधी बाहेर द्यायची नाही. माहितीच नाही म्हटल्यावर हॉस्पिटल निवडणार कशाच्या जोरावर? निवडीची तारीख पुन्हा शेवटच्या वर्षात आली. प्रश्न सुटला.

सुटला म्हणजे काय, जागा बदलून बसला.

आता सगळी हॉस्पिटलं एकाच दिवशी मुलांना विचारू लागली, आणि मुलांना उत्तर द्यायला काही दिवस मिळू लागले. समजा तुम्हाला 'क' हॉस्पिटलकडून विचारणा आलीय. हॉस्पिटल बरं आहे, पण तुमचा जीव 'अ' मध्ये अडकलाय. 'अ' वाले म्हणतात, तुम्ही वेटिंग लिस्टवर आहात, अगदी वर आहात, थांबा. तुम्ही काय कराल? जो कोणी शहाणा आहे तो 'क'ला हातचा ठेवेल आणि 'अ'ची वाट बघेल. शाळेत बेरीज करताना ठेवायचो तसा हातचा एक. पुढच्या रकान्यात लागला तर लागला.

पण सगळ्यांनीच हातचे ठेवले तर? 'क' वाले अडकून पडतात. त्यांच्या वेटिंग लिस्टवरची मुलं तिकडे 'ड'ला धरून बसलेली. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला मुलगा 'क'ला नाही म्हणतो, 'क' घाईघाईने पुढच्या मुलाला विचारतात, तर त्याने अर्ध्या तासापूर्वीच 'ड'ला होकार कळवलेला. तो हळहळतो, 'क' चरफडतात. काही जण दिलेला शब्द मोडतात. काही हॉस्पिटलं मुदतीच्या आधीच उत्तर मागून दबाव आणतात.

हॉस्पिटलांनी यातून निदान काढलं की मुलांना विचार करायला वेळ जास्त मिळतोय. मग वेळ कापायला सुरुवात. १९४५ साली दहा दिवस होते. १९४६ साली आठ. १९४९ मध्ये मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने सुचवलं, १५ नोव्हेंबरला रात्री बारा वाजून एक मिनिटाने तारा पोचवाव्यात आणि मुलांना त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यायची सवलत असावी. बारा तास. तर अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशन म्हणाली, हे फार होतात! शेवटी जो ठराव झाला त्यात लिहिलं होतं की बारा वाजून एक मिनिटानंतर थांबायचं बंधन कोणावरही नाही. शिवाय तारा आधीच तारऑफिसात देऊन ठेवता येतील, त्या बरोब्बर मध्यरात्री पोचतील, अशीही सोय.

दहा दिवसांवरून शून्यावर, चार वर्षांत. मला हा सगळ्या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग वाटतो. रात्री झोप न लागलेला पंचविशीचा मुलगा, दारात तारवाला, हातात तार. यायचंय की नाही, आत्ता. 'अ'ची तार कदाचित वाटेत असेल, कदाचित कधीच येणार नसेल. अशा वेळी तो जे करेल त्याला निर्णय म्हणायचं का? माझ्या मते तो नुसता जुगार.

पुढच्या वर्षी, १९५० साली, बारा तास परत आले. पण सोबत एक नवं कलम होतं. तार पाठवल्यानंतरच्या त्या बारा तासांत ना हॉस्पिटलांनी मुलांना फोन करायचा, ना मुलांनी हॉस्पिटलांना. फोनवर बंदी दोन्ही बाजूंना का? कारण दोन्हीकडून फोनचा नुसता पूर लोटत होता. हॉस्पिटलवाले मुलाला फोन करून म्हणायचे, "आत्ता हो म्हण बाबा." आणि वेटिंग लिस्टवरची मुलं हॉस्पिटलला फोन करून विचारायची, "माझं होईल ना नक्की?" घाबरलेले सगळेच होते. विद्यार्थ्याला जशी खात्री हवी होती तशीच मोठमोठ्या हॉस्पिटलांतल्या मुरलेल्या डॉक्टरसाहेबांनाही हवी होती. फक्त मुलाने विचारलं की ती धरसोड आणि साहेबांनी विचारलं की ते व्यवस्थापन. असो.

एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की घड्याळाशी खेळून यातून बाहेर पडता येणार नाही. मग कल्पना निघाली की तारा आणि फोन बंदच करू. मुलांनी हॉस्पिटलांची पसंतीक्रमाने यादी करावी, हॉस्पिटलांनी मुलांची. दोन्ही याद्या एका मध्यवर्ती समितीकडे द्याव्यात आणि समितीने जुळवाजुळव करावी. आज आपण 'कॅप' म्हणतो ते हेच की. १९५०-५१ मध्ये याची रंगीत तालीम झाली आणि १९५१ च्या शरदात जाहीर झालं की यंदापासून खरोखरची निवड अशीच होणार.

जुळवाजुळवीची पहिली पद्धत कागदावर अगदी सरळ होती. आधी अशा जोड्या लावायच्या, जिथे मुलाची पहिली पसंती ते हॉस्पिटल आणि हॉस्पिटलच्या वरच्या गटात तो मुलगा. मग पहिली-दुसरी, दुसरी-पहिली, असं खाली खाली उतरत जायचं. वाचताना वाटतं, यात वावगं काय आहे? मलाही पहिल्यांदा वाचताना ही पद्धत चांगलीच वाटली होती. आपल्यापैकी कोणाला ऑफिसात असं काम दिलं तर पहिला ड्राफ्ट बहुतेक असाच होईल.

यातला बग हार्वर्डच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने पकडला. विल्यम हार्डी हेंड्रेन. दुसऱ्या महायुद्धात नौदलात विमान चालवायला शिकून आलेला, त्यामुळे वयाने आणि अनुभवाने जरा मोठा. (हाच पुढे लहान मुलांच्या सर्जरीतला जगातला मोठा माणूस झाला. २०२२ मध्ये वारला.) बग असा. समजा मी धीर करून 'अ' पहिलं लिहिलं, 'क' दुसरं. 'अ'त माझा नंबर लागला नाही. आता 'क'कडे यावं तर तिथल्या जागा 'क'ला पहिली पसंती देणाऱ्यांनी भरून गेलेल्या असू शकतात. 'क'च्या मते त्यांतले काही माझ्यापेक्षा डावे असले तरी. म्हणजे मी मनातलं खरं लिहिलं म्हणून मला दंड! तेच मी गुपचूप 'क' पहिलं लिहिलं असतं तर निभावलं असतं.

आता लक्षात घ्या, अशा पद्धतीत फॉर्म भरणाऱ्या मुलासमोरचा प्रश्नच बदलतो. 'मला कुठे जायचंय' हा प्रश्न बाजूला पडतो आणि 'मी त्यांना कितपत आवडलो असेन, बाकीचे काय लिहितील, मग मी काय लिहावं' हा सुरू होतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर निदान स्वतःकडे असतं. दुसऱ्याचं उत्तर कोणाकडेच नसतं. आणि ज्याचं उत्तर कोणाकडे नसतं तोच प्रश्न माणूस दहा जणांना विचारत फिरतो.

हेंड्रेन आणि त्याच्या सोबत्यांनी इतर कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना कळवलं, विद्यार्थ्यांची देशपातळीवरची समिती उभी राहिली, आणि त्यांनी आयोजकांना सांगितलं की ही पद्धत आम्हाला मान्य नाही. त्या काळात इंटर्नशिप मागणाऱ्या पोरांनी डीन आणि हॉस्पिटलांच्या संघटनांना 'तुमचं गणित चुकलंय' म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती. नुसता विरोध करून ते थांबले नाहीत, पर्यायही दिला. बॉस्टनच्या हॉस्पिटलांत स्थानिक पातळीवर एक पद्धत चालायची, ती घ्या म्हणाले. आयोजकांनी, त्यांचंही कौतुक करायला हवं, काही आठवड्यांत ती घेतली.

ही पद्धत समजावून सांगायला मराठी माणसाला कांदेपोह्यांइतकं सोयीचं काही नाही. एरवी स्थळं बघताना पंचाईत काय होते? आलेल्या पहिल्या बऱ्या स्थळाला होकार दिला की दार बंद. नाही म्हटलं तर ते दुसरीकडे जमवून टाकतं. बॉस्टनच्या पद्धतीत होकार कधीच पक्का नसतो, तो फक्त राखून ठेवलेला असतो. 'क'कडून विचारणा आली, ठेवा हाताशी. थोड्या वेळाने 'अ'कडून आली आणि तुमच्या यादीत 'अ' वर आहे, तर 'क'ला सोडा आणि 'अ'ला ठेवा. मोकळं झालेलं 'क' आपल्या यादीतल्या पुढच्या मुलाकडे जाईल. त्याने 'ड'ला हाताशी धरलं असेल तर तो 'ड'ला सोडेल. असं फिरत फिरत जेव्हा कोणालाच नवीन विचारायचं उरत नाही तेव्हा, आणि तेव्हाच, सगळे होकार एकदम पक्के करायचे. आणि हे सगळं कागदावर, प्रत्यक्ष कोणाला तार न पाठवता.

गंमत कळली का? हॉस्पिटलं ज्याला चार वर्षं शिव्या घालत होती, ते मुलांचं हातचा ठेवणं, तेच या पद्धतीचं इंजिन झालं. आधी एकाने हातचा ठेवला की दुसरा अडकायचा. आता प्रत्येकाने शेवटपर्यंत हातचा ठेवायचा आणि त्यामुळेच कोणी अडकायचं नाही.

१९५२ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा खरोखर वापरली गेली. सुमारे सहा हजार विद्यार्थी आणि दहा हजारांच्या वर जागा. भाग घेणं ऐच्छिक होतं, तरी दोन्ही बाजूंचे ९५ टक्क्यांहून जास्त आत आले. तीच व्यवस्था आज 'नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम' म्हणजे एनआरएमपी किंवा नुसतं 'द मॅच' म्हणून चालते.

पुढची दहा वर्षं कोणाला माहीतच नव्हतं की ही पद्धत का चालते. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेश आणि लग्नं यांच्यावर एक छोटासा पेपर लिहिला. वेटिंग लिस्टवरच्या विद्यार्थ्याने काय करावं, इथूनच त्याची सुरुवात होते. त्यांनी हाच अल्गोरिदम शोधून सिद्ध केलं की शेवटी असा एकही विद्यार्थी आणि असं एकही कॉलेज उरत नाही, ज्यांना मिळालेलं सोडून एकमेकांशी परस्पर जमवावंसं वाटेल. डॉक्टर लोक दहा वर्षं हेच वापरतायत याची त्या दोघांना कल्पना नव्हती. दोन्ही एकच असल्याचं ॲल्विन रॉथने १९८४ मध्ये दाखवलं. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ले यांना मिळालं. गेल तोवर गेले होते.

रॉथने आणखी एक पाहणी केली, मला ती जास्त आवडते. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात वेगवेगळ्या भागांनी नव्या डॉक्टरांसाठी आपापल्या मॅच सुरू केल्या होत्या. एडिंबरा आणि कार्डिफची पद्धत बॉस्टनसारखी, म्हणजे हातचा राखणारी. न्यूकासल आणि बर्मिंगहॅमची अमेरिकेच्या त्या पहिल्या, पहिल्या पसंतीला झुकतं माप देणाऱ्या पद्धतीच्या घराण्यातली. एडिंबरा आणि कार्डिफ चालल्या. बाकी दोन बंद पडल्या. न्यूकासलमध्ये बंद पडण्याआधी तर अशी वेळ आली होती की आलेल्या याद्यांपैकी ८० टक्क्यांत एकच नाव असायचं. सगळ्यांनी आधीच खाजगीत ठरवून टाकलेलं, फॉर्म फक्त उपचाराला! खात्री नियमांतून मिळाली नाही की माणसं ती मागच्या दाराने मिळवतात. आपल्याला हे सांगायला न्यूकासल कशाला हवं म्हणा.

अमेरिकेतली मॅच म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नाही. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर त्यांना एकाच गावात जागा हवी, आणि जोडपी आली की असा जुळणारा तोडगा अस्तित्वातच नसू शकतो. (आपल्या लोकांसाठी: प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो.) मॅचमुळे निवासी डॉक्टरांचे पगार दबून राहतात म्हणून २००२ मध्ये खटला झाला, २००४ मध्ये संसदेने कायदा करूनच तो निकालात काढला. मला ते फारसं रुचलेलं नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आपल्या विषयाशी जास्त लागतं ते १९९० च्या दशकातलं भांडण. विद्यार्थ्यांच्या संघटनांनी शंका काढली की या पद्धतीत आधी विचारतं हॉस्पिटल, म्हणजे झुकतं माप हॉस्पिटललाच. शंका खरी होती. गेल-शॅप्ले मधून हे निघतंच की जो विचारतो त्याचा फायदा. विद्यार्थ्याने खोटी यादी देऊन स्वतःचं भलं करून घेणंही तत्त्वतः शक्य होतं. मॅचवाल्यांनी रॉथलाच बोलावलं. त्याने आणि मॅचचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एलियट पेरॅन्सनने मिळून अल्गोरिदम उलटा केला, विचारायला सुरुवात विद्यार्थी करतील असा. जुन्या वर्षांच्या खऱ्या याद्या नव्या कोडमधून चालवून पाहिल्या तर फरक किती जणांना पडला? हजारात साधारण एकाला. वीस-बावीस हजार अर्जदारांत विशीच्या आसपास माणसं.

तरीही त्यांनी तो बदलला. १९९८ पासून नवा अल्गोरिदम लागू झाला. आपल्या मॅनेजरला सांगून बघा की हजारात एका युजरसाठी प्रॉडक्शनमध्ये चालू असलेलं कोअर लॉजिक उलटं करायचंय :) मला वाटतं त्या वीस जणांपेक्षा बाकीच्या वीस हजारांसाठी तो बदल जास्त मोलाचा होता. कारण आता त्यांना सांगता येत होतं, तुमच्या मनात जो क्रम आहे तोच लिहा, दुसरं काहीही लिहून तुमचा फायदा होणार नाही.

हे वाक्य एनआरएमपी तेव्हापासून सांगतेय. मग विद्यार्थ्यांनी खरं लिहायला सुरुवात केली असेल ना? २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला. मॅचच्या याद्या नुकत्याच देऊन मोकळ्या झालेल्या १७१४ मेडिकल विद्यार्थ्यांना तशाच नियमांचा एक खेळ खेळायला दिला, पैसे लावून. २३ टक्के जणांनी यादी खोटी भरली. ज्यात खोटं बोलून काही मिळत नाही हे सिद्ध झालंय अशा खेळात, आणि तोही देशातल्या हुशार मुलांनी.

याचं मला नवल वाटणं मागच्या वर्षी बंद झालं, माझ्या आतेबहिणीमुळे. तिने इथून सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, अमेरिकेच्या परीक्षा दिल्या, आणि आत्याच्या घरी आतल्या खोलीत रात्री अकरा-अकराला ब्लेझर घालून सात मुलाखती दिल्या. बाहेरून जाणाऱ्या, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या डॉक्टरांपैकी अलीकडच्या वर्षांत दहातल्या जेमतेम सहा जणांना जागा मिळतेय. आत्या आणि काकांनी या परीक्षांपायी किती मोडलंय ते घरात सगळ्यांना माहीत आहे. यादी द्यायची वेळ आली तेव्हा मला फोन आला, कारण मी घरातला अल्गोरिदमवाला.

तिच्या मनात पहिलं होतं न्यूयॉर्कमधलं एक. पण ओहायोतल्या एका प्रोग्रॅमच्या डायरेक्टरने तिला फार गोड ईमेल पाठवला होता. तुझ्याशी बोलून किती आनंद झाला, आमच्याकडे तुझी भरभराट होईल, वगैरे. 'आम्हाला कितव्या नंबरवर टाकणार' असं अर्जदाराला विचारायला मॅचच्या नियमांत बंदी आहे. पण आपणहून गोड बोलायला बंदी नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी अशी पत्रं जात-येत असतात. १९५० सालच्या त्या फोनांचंच हे नवं रूप.

"दादा, ओहायो पहिलं टाकू का? त्यांना मी खरंच हवीये."

"तुला कुठे जायचंय?"

"न्यूयॉर्क. पण ते घेतील असं वाटत नाही."

मी तासभर कांदेपोह्यांसकट सगळं समजावलं. न्यूयॉर्क पहिलं टाकल्याने ओहायोची शक्यता तसूभरही कमी होत नाही. तिला कळलं. अगदी बरोबर कळलं, कारण तिने उलट मलाच एक उदाहरण करून दाखवलं. मग म्हणाली, "पण तुला खात्री आहे ना?" मी म्हटलं, गणित आहे गं हे. तर म्हणे, "गणित माहितीये रे मला. तू सांग."

शेवटच्या तारखेपर्यंत यादी बदलता येते. तिने ती चार वेळा बदलली आणि चौथ्यांदा पहिल्यासारखीच केली. न्यूयॉर्क, ओहायो, मग मिशिगन.

मार्चमधल्या सोमवारी संध्याकाळी कळलं की जागा मिळालीय. कुठे ते शुक्रवारी कळतं. ते चार दिवस आत्या रोज फोन करून मला विचारायची, "अरे, तुला काही कळलं का?" शुक्रवारी रात्री निकाल आला. मिशिगन. म्हणजे ओहायोवाल्यांच्या जागा त्यांच्या यादीत तिच्यापेक्षा वर असलेल्या मुलांनी भरल्या होत्या, ईमेल कितीही गोड असला तरी. तिने ओहायो पहिलं टाकलं असतं तरी निकाल मिशिगनच लागला असता. हे तिला मी सांगायच्या आधीच कळलं होतं. फोनवर थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तो ईमेल त्यांनी किती जणांना पाठवला असेल रे?"

जूनमध्ये ती गेली. जाताना आत्याने दिलेले दोन स्वेटर बॅगेत होते. मिशिगनच्या थंडीत त्यांचा काही उपयोग नाही, हे सांगायचं काम मात्र तिने माझ्यावर टाकलं.